अफूच्या उत्पन्नापासून एनडीपीएस कायद्यापर्यंत

भारतात अमली पदार्थांसंबंधीचे सरकारी धोरण सुरू झाले ते महसुलासाठी. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारमधील अफूची मक्तेदारी आपल्याकडे घेतली. पुढच्या काही दशकांत लागवडीचा परवाना, पाटणा आणि गाझीपूर येथील कारखाने आणि कलकत्त्यातील लिलाव ही सारी साखळी कंपनीच्या हाती आली. परवाना असलेल्या शेतकऱ्यानेच अफू पेरायची, बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करायचा आणि तो सगळा सरकारी भावाने सरकारलाच द्यायचा, अशी ही पद्धत होती. औषधी अफूपुरती ती आजही मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच, राजस्थानातील चित्तोडगड-प्रतापगड आणि उत्तर प्रदेशातील काही तालुक्यांत चालू आहे.

पश्चिम हिंदुस्थानात कंपनीला एवढी पकड मिळाली नाही. माळव्यातील अफू शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत होती. कंपनीने तिची वाट अडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी माल राजपुतान्यातून कराचीकडे आणि तिथून पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण बंदरात नेला. अखेर १८३०च्या सुमारास कंपनीने नाद सोडला आणि दर पेटीमागे शुल्क घेऊन मुंबईमार्गे निर्यातीला परवानगी दिली. १८४३ मध्ये सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि शुल्क वाढतच गेले. एकोणिसाव्या शतकातील मुंबईची श्रीमंती कापसाइतकीच या अफूवरही उभी राहिली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनबरोबरच्या अफूच्या व्यापारातून आला होता. त्याच संपत्तीतून शहराला रुग्णालय आणि कलाशाळा मिळाली.

शतकाच्या उत्तरार्धात जमीन महसुलाखालोखाल उत्पन्न देणाऱ्या बाबींत अफूची गणना होत असे. काही वर्षी ब्रिटिश सरकारच्या हिंदुस्थानातील एकूण उत्पन्नाचा सुमारे सातवा हिस्सा तिच्यातून येई. एवढे उत्पन्न सोडायला कोणतेही सरकार सहजासहजी तयार होत नाही. १८९१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात या व्यापाराविरुद्ध ठराव झाला. त्यानंतर १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. १८९५ मध्ये या आयोगाने बंदीची गरज नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच काळात गांजा, चरस आणि भांग यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. त्याचाही कौल संपूर्ण बंदीच्या विरोधात होता. मर्यादित सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिसेवनाने होते, आणि बंदी घातली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील, असे त्याचे म्हणणे होते. अफू आयोगाच्या निष्कर्षांवर महसुलाची सावली स्पष्ट दिसते. गांजाचा अहवाल मात्र आजही अभ्यासकांना वाचावा लागतो, कारण एखाद्या नशेविषयी कायदा करण्यापूर्वी इतक्या बारकाईने लोकांना विचारण्याचा प्रयोग भारतात त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे झाला नाही.

भारतीय नेत्यांनी या उत्पन्नाकडे लाजेची बाब म्हणूनच पाहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०७ मध्ये अर्थसंकल्पावरील भाषणात सांगितले, की चिनी जनतेच्या अधःपातातून येणाऱ्या या पैशाचा विचार मनात आला की अपमानित वाटते. अर्थसंकल्पातील आकडे गोखल्यांइतके बारकाईने वाचणारा माणूस उत्पन्नाची एक बाब बुडाली तरी चालेल असे म्हणतो, याचे मोल मोठे आहे. त्याच सुमारास ब्रिटन आणि चीन यांच्यात दहा वर्षांत निर्यात टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा करार झाला. १९०९ची शांघाय परिषद, १९१२चा हेग करार आणि १९२५चा जिनिव्हा करार यांमुळे अमली पदार्थांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय झाला. १९३० मध्ये हिंदुस्थानात घातक औषधे कायदा आला. देशातल्या देशात अफू आणि गांजाची परवानाधारक दुकाने मात्र चालूच राहिली. आसामात अफूच्या व्यसनाने गावेच्या गावे पोखरली होती. तिथे असहकार चळवळीच्या काळात काँग्रेसने अफूबंदीचा प्रश्न लावून धरला.

स्वातंत्र्यानंतर धोरणाचा पाया बदलला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी उपयोग वगळता आरोग्याला अपायकारक मादक पेये आणि द्रव्ये यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. अफूची सवय मोडण्यासाठी १९४९ मध्ये दहा वर्षांची मुदत ठरली. दरवर्षी पुरवठा कमी करत नेऊन १ एप्रिल १९५९ पासून औषधाव्यतिरिक्तचे सेवन थांबवायचे, आणि जुन्या अफूबाजांची नोंद करून त्यांना डॉक्टरच्या शिफारशीने ठरावीक मात्रा द्यायची, अशी ती योजना होती. सवय लागलेल्या माणसाला एका रात्रीत गुन्हेगार न ठरवता त्याला वेळ देणारी ही पद्धत होती. पुढच्या कायद्यात हा समंजसपणा राहिला नाही.

१९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारात भारत सामील झाला. गांजा आणि भांग इथे देवळांत, सणांत, वैदूंच्या औषधांत शतकानुशतके आहेत, हे भारतीय प्रतिनिधींनी तिथे मांडले. परिणामी गांजाच्या झाडाची पाने, म्हणजे भांग, कराराच्या व्याख्येबाहेर राहिली आणि परंपरेने गांजा वापरणाऱ्या देशांना तो बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची सवलत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे ही मुदत १९८९च्या अखेरीस संपणार होती. नव्या कायद्याच्या घाईमागे ही तारीख एक कारण होते. दुसरे कारण मुंबई आणि दिल्लीच्या रस्त्यांवर दिसू लागले होते.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या सरहद्दीवर हेरॉइन तयार करणारे कारखाने वाढले आणि युरोपकडे जाणाऱ्या मालाला भारताची नवी वाट सापडली. पूर्वेला म्यानमार, लाओस आणि थायलंड यांचा अफूचा पट्टा होताच. दोन्हींच्या मध्ये भारत होता. पुढे जाण्यासाठी आलेला माल इथेच थोडा थोडा सांडू लागला. अशुद्ध, तपकिरी रंगाचे हेरॉइन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राउन शुगर या नावाने मुंबईत आले. मराठीत त्याला गर्द म्हणू लागले आणि ओढणारा गर्दुल्ला झाला. चांदीच्या कागदावर पूड ठेवून खालून काडी पेटवायची आणि नळीने धूर ओढायचा, म्हणजे चेस करायचे. पुडी मिळाली नाही की अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब, थंडी असा त्रास होई. त्याला व्यसनी मुले टर्की म्हणत. गिरणी संपानंतर बेकार झालेल्या वस्त्यांत, डोंगरी-नागपाड्याच्या गल्ल्यांत, महाविद्यालयांच्या आवारात आणि रेल्वेच्या पुलांखाली ही नशा पसरली. जुने अफूचे किंवा दारूचे व्यसन माणसाला वर्षानुवर्षे पोखरत असे. गर्दाने काही महिन्यांत घरातली भांडी विकायला लावली.

या पार्श्वभूमीवर २३ ऑगस्ट १९८५ रोजी अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांच्यासंबंधीचे विधेयक संसदेत मांडले गेले. १६ सप्टेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून कायदा लागू झाला. देशातील लाखो माणसांच्या आयुष्यावर परिणाम करणारा हा कायदा महिन्याभराच्या आत मंजूर झाला. इंग्रजी अद्याक्षरांनुसार त्याला एनडीपीएस म्हणतात. जुने अफू कायदे आणि १९३०चा कायदा त्याने रद्द केला. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड ठरला, कमाल शिक्षा वीस वर्षे. किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाला उरला नाही. माल आरोपीकडे सापडला की त्याला त्याची जाणीव होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि ते खोटे ठरवण्याचा भार आरोपीवर, अशीही तरतूद झाली. भांगेच्या पानांना मात्र याही कायद्याने व्याख्येबाहेर ठेवले. होळी आणि महाशिवरात्रीला सरकारमान्य दुकानांत भांग मिळते ती त्यामुळे.

स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल बाळगणाऱ्याला कमी शिक्षेची सवलत होती. पण त्या थोड्याची मर्यादा हेरॉइनसाठी २५० मिलिग्रॅम ठरली. सवय मुरलेल्या माणसाची दिवसभराची गरज या मर्यादेच्या पलीकडे सहज जाते. दोन-चार पुड्या जास्त सापडल्या की गर्दुल्ला आणि ट्रकभर माल नेणारा तस्कर एकाच शिक्षेच्या रांगेत उभे राहत. त्यात तस्कराला वकील मिळे, गर्दुल्ल्याला मिळत नसे.

मार्च १९८६ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, स्थापन झाला. १९८८ मध्ये संशयित तस्करांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा वेगळा कायदा आला. १९८९च्या दुरुस्तीने मूळ कायदा आणखी कडक केला. विशेष न्यायालये, मालमत्ता जप्ती, शिक्षेत सूट नाही आणि जामीन जवळपास अशक्य. आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे, याची न्यायालयाला खात्री पटली तरच त्याला सोडायचे होते. ठरावीक मोठ्या प्रमाणातील दुसऱ्या गुन्ह्याला तर फाशीखेरीज दुसरी शिक्षाच ठेवली नाही. कायद्याचा सारा जोर पुरवठा तोडण्यावर होता. व्यसनमुक्ती केंद्रे उघडण्याची तरतूद याच कायद्यात होती, पण त्या बाबतीत केंद्र सरकारने स्वतःला बांधून घेतले नव्हते. तसे करता येईल, एवढेच म्हटले होते.

ही जागा भरून काढली ती डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनी. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले होते. पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांच्या दुनियेवर लेखन केले आणि त्याचे ‘गर्द’ हे पुस्तक झाले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये त्या रुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू झाले. दाराला कुलूप लावून, बांधून ठेवून व्यसन सुटत नाही, हे तिथल्या अनुभवाने दाखवले. टर्कीचे दिवस औषधांनी निभावून न्यायचे, मग गटात बोलायचे, कामे वाटून घ्यायची, घरच्यांनाही समुपदेशन द्यायचे आणि बरे झालेल्यांनीच नव्यांना आधार द्यायचा. पुन्हा व्यसनाकडे वळलेल्याला दार बंद करायचे नाही, हेही त्यात आले. कायद्याच्या भाषेत गुन्हेगार असलेला माणूस इथे रुग्णमित्र होता. केंद्र सरकारच्या कल्याण मंत्रालयाने १९८५-८६ पासून अशा संस्थांना अनुदान देण्याची योजना आणली. तीत पुढे शेकडो केंद्रे आली आणि त्यांची गुणवत्ता फार वेगवेगळी राहिली. राष्ट्रीय धोरणातील सर्वांत अवघड काम अशा रीतीने स्वयंसेवी संस्थांच्या खांद्यावर गेले.

कडक कायद्याचा एक बळी कोणी मोजलाच नव्हता. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. ते अफूपासून होते आणि जगातील कायदेशीर अफूचा मोठा उत्पादक भारतच आहे. पण १९८५ नंतर रुग्णालयांना ते मिळवण्यासाठी प्रत्येक राज्यात निरनिराळे चार-पाच परवाने लागू लागले. एखाद्याची मुदत संपली की दुसरा निरुपयोगी होई. चुकीला दहा वर्षांची शिक्षा असल्याने औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९८५ मध्ये देशात सुमारे ५७३ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ मध्ये ते १८ किलोवर आले. मधल्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने हे औषध हातातही घेतले नाही. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४च्या दुरुस्तीने आवश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आणले. तोवर असंख्य रुग्ण तळमळत गेले होते. नशा रोखण्याच्या नावाखाली वेदनाशमन रोखले जाणे ही या धोरणाची सर्वांत क्रूर चूक म्हणावी लागेल.

ईशान्येत संकटाचे रूप वेगळे होते. म्यानमारचे शुद्ध हेरॉइन मोरेहमार्गे मणिपुरात येई आणि तरुण ते सुईने टोचून घेत. पोलिसांच्या धाकाने सुया जवळ बाळगायची सोय नव्हती, म्हणून एकच सुई अनेकांत फिरे. १९९०च्या आसपास तिथे तपासलेल्या अशा व्यसनींपैकी निम्म्याहून अधिक जणांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. स्वच्छ सुया वाटणे आणि हेरॉइनऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणे, असे उपाय स्वयंसेवी संस्थांनी सुरू केले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७ नंतर त्यांना देशव्यापी कार्यक्रमात स्थान दिले. एक सरकारी खाते सुई देत होते आणि दुसरे ती बाळगणाऱ्याला पकडत होते.

२००१ मध्ये संसदेने स्वतःच्या कायद्याची दुरुस्ती केली. शिक्षा मालाच्या प्रमाणानुसार तीन पायऱ्यांत विभागली गेली : अल्प, मधले आणि व्यापारी. हेरॉइनची अल्प मर्यादा ५ ग्रॅम आणि व्यापारी २५० ग्रॅम, गांजाची १ किलो आणि २० किलो. व्यसनी माणसाला तस्कराइतकी शिक्षा होऊ नये हा हेतू दुरुस्तीच्या उद्दिष्टांतच नमूद होता. पुढे वाद झाला तो वजनाचा. गर्दात भेसळच अधिक असते. तेव्हा शुद्ध हेरॉइन मोजायचे की अख्खी पुडी? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध भाग मोजावा असे सांगितले. पुढच्याच वर्षी सरकारने अधिसूचना काढून ते फिरवले आणि २०२०च्या हिरा सिंग निकालात संपूर्ण मिश्रणच मोजायचे हे पक्के झाले. भेसळीचा माल घेणाऱ्या गरीब व्यसनीला हा निकाल सर्वाधिक जाचतो.

सक्तीच्या फाशीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात सुटला. जून २०११ मध्ये न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने ही सक्ती जगण्याच्या हक्काशी विसंगत ठरवली आणि शिक्षा न्यायालयाच्या विवेकावर सोपवली. २०१४ मध्ये संसदेने तसाच बदल केला. त्याच दुरुस्तीत एका कलमाचा क्रमांक बदलताना त्यावर अवलंबून असलेले दुसरे कलम तसेच राहून गेले आणि तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांविरुद्धची तरतूद कागदोपत्री निरर्थक झाली. ही चूक सात वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्त झाली. तोफानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला : तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तीस-पस्तीस वर्षे असंख्य शिक्षा अशा जबाबांवर उभ्या होत्या.

दरम्यान बाजार बदलला. फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन, म्हणजे तरुणांच्या बोलीतले एमडी, कायद्याच्या यादीत आले. तोपर्यंत मुंबईत ते खुलेआम फिरत होते. अफूसाठी शेत लागते, एमडीसाठी एक छोटा रासायनिक कारखाना पुरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात शेकडो किलोंचा साठा पकडला, तेव्हा महाराष्ट्र ही केवळ बाजारपेठ उरलेली नाही हे उघड झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात शंखजिऱ्याच्या पुडीच्या नावाखाली आलेले सुमारे तीन हजार किलो अफगाणी हेरॉइन महसूल गुप्तचर संचालनालयाने जप्त केले होते. एवढे मोठे मासे क्वचित गळाला लागतात. २०२० मध्ये देशात एनडीपीएसखाली नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक स्वतःच्या सेवनासाठी माल बाळगल्याचे होते.

व्यसनाचा खरा विस्तार किती, हे नीट समोर आले ते २०१९ मध्ये. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ वापरत असल्याचे दिसले. त्यांतील सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज होती. अफूची जागा हेरॉइनने घेतली होती. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते. २०१८ ते २०२५ या काळासाठी मागणी घटवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. शाळा, मोर्चे, शपथा असा त्याचा मोठा भाग आहे. पण कायदा अर्थ मंत्रालयाकडे, एनसीबी गृह मंत्रालयाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्यायाकडे आणि औषधोपचार आरोग्य खात्याकडे ही विभागणी कायम आहे. पकडलेला व्यसनी या चार खात्यांपैकी बहुधा एकालाच भेटतो, आणि ते उपचाराचे नसते.

कायद्यातील ६४ अ हे कलम स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती करवून घेण्याचा हक्क आरोपीला सांगितलाच पाहिजे, असे न्यायालयांनी कलम ५० बाबत बजावले आहे. उपचाराच्या या हक्काची माहिती त्याला देण्याची तशी सक्ती कायद्यात नाही. पुढची दुरुस्ती होईल तेव्हा पहिले वाक्य या सक्तीचे, ६४ अ या कलमात घालावे.